आफ्रिकेचीं सरोवरें आणि घरांतील कांचपेटी

गेल्या श्रावणांत आमचे एक स्नेही घरीं आले होते. तेहि माझ्यासारखेच इतिहासाचे अध्यापक. बैठकींतील माशांच्या पेटीपुढें ते बराच वेळ उभे राहिले. पेटींत पिवळ्या रंगाची एक मादी दगडाच्या कपारींत निश्चल होती. तिचा गळा फुगलेला होता, तोंड मधूनमधून किंचित् हालत होतें, आणि वरून टाकलेल्या दाण्याकडे ती ढुंकूनहि पाहत नव्हती. "ही आजारी दिसते," स्नेही म्हणाले. माझी धाकटी कन्या जवळच होती. ती म्हणाली, "नाहीं काका, तिच्या तोंडांत तिचीं पिलें आहेत. आज पंधरावा दिवस. अजून आठवडाभर तरी ती कांहीं खाणार नाहीं." स्नेही क्षणभर गप्प राहिले आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हें सगळें ठीक आहे. पण ताम्रपट वाचणाऱ्या माणसानें हा पोरखेळ कशाला मांडला?"

त्या दिवशीं मीं त्यांना चहा दिला, उत्तर दिलें नाहीं. हा लेख म्हणजे तें राहिलेलें उत्तर आहे. पोरखेळ हा आहे खरा. परंतु त्याच्या मागें पाऊणदोनशें वर्षांचा इतिहास आहे, आणि राजांच्या व लढायांच्या इतिहासांत आढळणारा लोभ, अज्ञान, चिकाटी व पश्चात्ताप हीं सर्व त्यांतहि आहेत.

आरंभीं शतपथ ब्राह्मणांतील एका कथेचें स्मरण करून देतों. सकाळीं मनु हात धुवीत असतां एक लहानसा मासा त्याच्या हातांत आला. मासा म्हणाला, तूं मला सांभाळ, मी तुला पुढें तारीन. सांभाळायचें कशापासून, तर मोठ्या माशांपासून. कारण लहान असेपर्यंत माशाला मासाच गिळतो. प्रथम मला घटांत ठेव, घट अपुरा पडला म्हणजे खड्डा खणून त्यांत ठेव, आणि मी पुरता वाढलों कीं समुद्रांत नेऊन सोड, असें त्यानें सांगितलें. आणि मनूनें तसें केलें. या कथेंतील जलप्रलय व नौका सर्वांच्या लक्षांत राहतात. घट व खड्डा मात्र कोणी आठवीत नाहीं. तथापि दुर्बळाला आश्रय देणें, त्याला आपल्या भांड्यांत वाढविणें, आणि शेवटीं त्याला त्याच्या मूळ जलांत परत पोंचविणें, या तीन गोष्टी म्हणजेच मत्स्यपालनाचा सबंध धर्म होय. त्यांपैकीं पहिल्या दोन आपल्या काळांतील माणसाला साधल्या आहेत. तिसरीचें काय झालें, हें पुढें येईल.

घटाच्या ठिकाणीं कांचेची पेटी आली ती इंग्लंडांत, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला. त्या देशांत कांचेवर भारी कर होता. तो १८४५ सालीं उठला व कांच सामान्य माणसाच्या आटोक्यांत आली. १८५० सालीं रॉबर्ट वॉरिंग्टन नांवाच्या रसायनशास्त्रज्ञानें लंडनच्या केमिकल सोसायटीपुढें एक निबंध वाचला. मासे, पाणवनस्पति व गोगलगायी यांचें प्रमाण योग्य ठेवलें तर पाणी न बदलतांहि पेटींतील जीव दीर्घकाळ जगतात, असें त्यानें स्वतःच्या प्रयोगावरून दाखविलें होतें. १८५३ सालीं लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयांत सार्वजनिक मत्स्यगृह उघडलें, आणि १८५४ सालीं फिलिप हेन्री गॉस याचें 'दि अॅक्वेरियम' हें पुस्तक निघालें. मग काय विचारतां! घरोघर पेट्या दिसूं लागल्या. समुद्रकिनाऱ्यावर बरण्या व जाळीं घेऊन हिंडणें हा सभ्य कुटुंबांचा सुटींतील विरंगुळा झाला. परंतु या हौशीचा परिणाम गॉसचा मुलगा एडमंड यानें १९०७ सालीं प्रसिद्ध केलेल्या आत्मचरित्रांत नमूद करून ठेवला आहे. बापाच्या पुस्तकांनीं ज्या खडकांतील डोहांचें सौंदर्य लोकांना दाखविलें, तेच डोह लोकांनीं ओरबाडून ओसाड केले, याचें दुःख बापाला शेवटपर्यंत होतें. या छंदाच्या जन्मकुंडलींतच हा दोष आहे. तो दृष्टीआड करून चालणार नाहीं.

आतां ज्या माशांविषयीं लिहावयाचें त्यांकडे वळूं. सिक्लिड हें एक मोठें मत्स्यकुल आहे. आफ्रिका, अमेरिकेचा उष्ण भाग, मादागास्कर व दक्षिण हिंदुस्थान येथें त्याच्या शाखा आहेत. संतानाविषयींची काळजी हें या कुलाचें लक्षण. बहुतेक मासे अंडीं पाण्यांत सोडून निघून जातात. सिक्लिड तसें करीत नाहीं. तो अंड्यांवर पहारा देतो, पिलांना घेऊन हिंडतो, आणि कित्येक जातींत तर आई अंडीं तोंडांत घेऊन तेथेंच उबविते. प्राचीन मिसरी लोकांना नाइल नदींतील तिलापिया मासा चांगला माहीत होता. पिलें तोंडांत शिरतात व पुनः जिवंत बाहेर पडतात हें पाहूनच त्यांनीं त्याला पुनर्जन्माचें प्रतीक मानलें असावें, असें विद्वान् म्हणतात. नेबामुन नांवाच्या एका अधिकाऱ्याच्या थडग्यांतील उपवनाचें चित्र ब्रिटिश म्यूझियममध्यें आहे. तें सुमारें सव्वातीन हजार वर्षांहून जुनें असून त्यांतील चौकोनी तळ्यांत कमळांमध्यें हे मासे पोहतांना दाखविले आहेत. मेलेल्या माणसाच्या सोबतीला जो मासा काढला, तो नुसता शोभेकरितां काढलेला नव्हता.

सिक्लिडांचें खरें वैभव मात्र नाइलमध्यें नाहीं. तें पूर्व आफ्रिकेंतील तीन महासरोवरांत आहे. टांगानिका व न्यासा हीं भूपृष्ठ दुभंगून झालेल्या खचदरींत वसलेलीं लांबट, खोल सरोवरें आहेत. टांगानिकाची खोली १,४७० मीटर व न्यासाची सुमारें ७०० मीटर. तिसरें व्हिक्टोरिया, तें खचदरीच्या दोन फाट्यांमधील उथळ पठारावर पसरलेलें असून विस्तारानें आफ्रिकेंत सर्वांत मोठें आहे. टांगानिकांत सुमारें अडीचशें, व्हिक्टोरियांत सुमारें पांचशें आणि न्यासांत सातशेंहून अधिक सिक्लिड जाती असाव्यात असे अंदाज आहेत, आणि त्यांतील बहुतेक सर्व त्या त्या सरोवराबाहेर जगांत कोठेंहि नाहींत. व्हिक्टोरिया सरोवर पंधरा हजार वर्षांपूर्वीं कोरडें पडलें होतें असा भूशास्त्रज्ञांचा निष्कर्ष आहे. म्हणजे तेथील शेंकडों जाती त्यानंतरच्या काळांत निर्माण झाल्या. सृष्टीच्या इतिहासांत ही मुदत डोळ्याचें पातें लवण्याइतकीच.

न्यासा सरोवराच्या इतिहासाचा एक धागा आपल्या मुंबईपर्यंत येऊन पोंचतो. डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८५९ च्या सप्टेंबरांत या सरोवराच्या तीरीं पोंचला. त्याच्या सोबत जॉन कर्क नांवाचा वैद्य व वनस्पतिशास्त्रज्ञ होता. कर्कनें जमविलेले मासे लंडनला गेले व तेथील अल्बर्ट गुंथर यांनीं १८६४ सालीं त्यांचें शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलें. न्यासाच्या सिक्लिडांना जगाच्या दप्तरांत नांवें मिळालीं तीं अशीं. त्याच वर्षीं लिव्हिंग्स्टननें या सरोवरासाठीं स्वतःच्या पैशानें बांधून घेतलेली 'लेडी न्यासा' ही छोटी आगबोट कामावांचून राहिली होती. कारण इंग्लंडच्या सरकारनें त्याची मोहीम परत बोलाविली. ती बोट गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हातीं पडूं नये म्हणून त्यानें ती झांजिबारहून स्वतः हांकारीत आणली, आणि पंचेचाळीस दिवसांच्या प्रवासानंतर १८६४ च्या जूनमध्यें ऐन पावसाळ्याच्या तोंडावर मुंबई बंदर गाठलें. ज्या सरोवरासाठीं ती बांधली त्याचें पाणी तिला कधींच लागलें नाहीं; ती मुंबईंतच २,३०० पौंडांस विकली गेली. बोटीवर चुमा व विकातानी नांवाचे दोन आफ्रिकी मुलगे होते. त्यांना मुंबईस डॉ. विल्सन यांच्या मिशन शाळेंत ठेवण्यांत आलें. लिव्हिंग्स्टन १८६६ सालीं पुनः आफ्रिकेस निघाला तेव्हां ते दोघे त्याच्याबरोबर गेले, तसेच नाशिकजवळच्या शरणपूर येथील शाळेंत शिकलेले नऊ मुक्त आफ्रिकी तरुणहि गेले. पुढें १८७३ सालीं लिव्हिंग्स्टन मरण पावला. त्याचा देह शेंकडों कोस चालत किनाऱ्यापर्यंत पोंचविणाऱ्यांत हा चुमा अग्रणी होता. सरोवराचा शोध लावला असें आपण ज्यांच्याविषयीं म्हणतों, त्यांना वाट दाखविणारे, होडी वल्हविणारे, माशांचीं नांवें सांगणारे लोक तीरावरचेच होते. आज खडकांवर राहणाऱ्या न्यासाच्या माशांना जगभर 'म्बुना' म्हणतात, तो शब्द तेथील कोळ्यांचाच आहे.

यानंतरचें अर्धशतक संग्रहालयांचें. १८८८ सालीं बर्लिनच्या हिल्गेनडॉर्फनें व्हिक्टोरियाच्या माशांचें पहिलें वर्णन केलें. १८९५ च्या सुमारास मूर नांवाचा इंग्रज शास्त्रज्ञ टांगानिकाला गेला. तेथील शंखशिंपले पाहून हें सरोवर म्हणजे एका पुरातन समुद्राचा अवशेष असावा असा तर्क त्यानें मांडला. तर्क पुढें खोटा ठरला, पण त्यानें आणलेले मासे खरे होते. बूलेंजर यांनीं १८९८ सालीं त्यांना नांवें दिलीं, आणि त्यांतील एकाला मूरचेंच नांव मिळालें. पुढें रीगन यांनीं १९२२ च्या सुमारास न्यासा व व्हिक्टोरिया या दोन्ही सरोवरांतील जातींची व्यवस्था लावली. आणि १९३५ सालीं एथेलविन ट्रेवाव्हस या बाईंनीं न्यासाच्या सिक्लिडांचा जो सारसंग्रह प्रसिद्ध केला तो पुढील सर्व कामाचा पाया झाला. या बाईंचा तिलापियांवरील मोठा ग्रंथ १९८३ सालीं निघाला, तेव्हां त्यांचें वय ब्याऐंशी-त्र्याऐंशी होतें. आपल्याकडे साठीनंतर लेखणी ठेवणाऱ्या अध्यापकांनीं हें ध्यानांत घ्यावें.

परंतु संग्रहालयाच्या विद्येला एक मर्यादा होती. तेथें येणारा मासा मद्यार्कांत बुडालेला, रंग उडालेला व मेलेला असे. दांत मोजतां येत, खवले मोजतां येत. पण तो जिवंतपणीं निळा होता कीं पिवळा, खडकाशीं राहत होता कीं वाळूंत, पिलें कशीं वाढवीत होता, हें बरणींतून कळणें शक्य नव्हतें. येथें हौशी माणसाचें काम सुरू होतें. नाइलच्या खोऱ्यांतील एक इवलासा, तोंडांत अंडीं उबविणारा मासा विसाव्या शतकाच्या आरंभीं जर्मनींतील शौकिनांच्या पेट्यांत आला. १९०३ सालीं शोलर यांनीं त्याचें जें वर्णन केलें तें कोणा विद्वत्परिषदेच्या वृत्तांतांत आलें नाहीं. पेट्या पाळणाऱ्यांच्या एका नियतकालिकांत आलें. त्या काळीं पाणी उबदार ठेवण्याकरितां पेटीच्या तळाशीं दिवा जळत ठेवावा लागे. अशा दिव्याच्या उजेडांत, दिवसभराचें काम आटोपून आलेल्या सामान्य माणसांनीं, माशाचें कुटुंबजीवन पाहिलें.

तरीहि एक कोडें उरलें होतें. मादी अंडीं घालतांच तीं चटकन् तोंडांत घेते. मग त्यांचें फलन होतें केव्हां? नराच्या गुदपरावर पिवळसर गोल ठिपके असतात. वोल्फगांग विक्लर या जर्मन शास्त्रज्ञानें १९६२ सालीं असें मांडलें कीं हे ठिपके म्हणजे अंड्यांची हुबेहूब नक्कल आहे. मादी राहिलेलीं अंडीं समजून त्यांना तोंड लावते, त्याच क्षणीं नर रेत सोडतो, आणि अंडीं मातेच्या मुखांतच फलित होतात. पुढील संशोधनानें या स्पष्टीकरणांत पुष्कळ बारकावे घातले. तथापि एका ठिपक्याचा अर्थ लावण्यास जिवंत मासा समोर लागला, हें खरें. टांगानिकांत तर याहून चमत्कारिक प्रकार आहे. तेथील एक ठिपकेदार मांगूर-जातीचा मासा या सिक्लिडांच्या अंड्यांत आपलीं अंडीं मिसळतो. सिक्लिडाची मादी तीं आपलीं समजून तोंडांत घेते, आणि आंत जन्मलेलें परकें पोर तिच्या खऱ्या पिलांना खाऊन वाढतें. १९८६ सालीं सातो या जपानी शास्त्रज्ञानें हें प्रसिद्ध केलें. कोकिळा व कावळा यांची गोष्ट आपल्याला नवी नाहीं, पण ती पाण्याखालींहि घडते हें नवें होतें.

१९६० नंतर विमानांच्या सोयीमुळें न्यासाचे व पाठोपाठ टांगानिकाचे रंगीत मासे यूरोप-अमेरिकेंत मोठ्या प्रमाणावर जाऊं लागले. १९६४ सालीं न्यासालँड स्वतंत्र होऊन त्याचें मलावी झालें, आणि सरोवरालाहि बाहेरच्या जगांत मलावी हेंच नांव रूढ झालें. या माशांना घरीं वाढविणें अवघड नाहीं, पण त्यांचे नियम आहेत. सरोवराचें पाणी क्षारयुक्त व कठिण आहे. आपल्याकडील धरणांचें पाणी बहुधा मऊ. म्हणून गाळणींत शिंपल्यांचा किंवा पोवळ्यांचा चुरा ठेवावा लागतो. पाण्याची ऊब २५ ते २७ अंश सेल्सिअस असावी. दगड आधीं पेटीच्या तळावर पक्के बसवावे व मग वाळू पसरावी. कारण हे मासे वाळू उकरतात, आणि वाळूवर ठेवलेला दगड एखाद्या रात्रीं कोसळतो. नर भांडखोर असतो, म्हणून एका नरास तीन-चार माद्या ठेवाव्या. खडकांवरील शेवाळ खाणाऱ्या जातींना मांसल, मेदाळ खाद्य दिलें तर पोट फुगून ते दगावतात. मादीचा गळा फुगला कीं तिला छेडूं नये. सुमारें तीन आठवडे ती उपाशी राहते. शेवटच्या दिवसांत तिला हलक्या हातानें निराळ्या लहान पेटींत न्यावें. मग एके सकाळीं तिच्या तोंडांतून नखाएवढीं पिलें बाहेर पडलेलीं दिसतात. बोट दाखवितांच तीं पुनः आईच्या तोंडांत शिरतात. मिठाच्या पाण्यांत उबविलेले आर्टेमियाचे सूक्ष्म जीव हें त्यांचें पहिलें खाद्य. आई रोडावलेली असते. तिला चार दिवस खाऊं घालून मगच पुनः थव्यांत सोडावी. घरांतील मंडळी त्या तीन आठवड्यांत हळू बोलूं लागतात, असा आमचा अनुभव आहे.

येथें माझी एक चूक सांगणें भाग आहे. प्रथम मीं आमच्या पेटींत दोन जाती एकत्र ठेवल्या होत्या. एक पिवळी, जिचें शास्त्रीय वर्णन फ्रायर यांनीं १९५६ सालीं केलें तीच. दुसरी तिच्या नात्यांतली, नारिंगी. वर्षभरांत पिलें झालीं. तीं मोठीं होऊं लागलीं तसा मला कोण अभिमान वाटला! शेजारीं, महाविद्यालयांतील सहकाऱ्यांकडे, एका विद्यार्थ्याकडे, अशीं मीं तीं वांटलीं आणि प्रत्येकाला जातीचें नांव मोठ्या तोऱ्यानें सांगितलें. सहा महिन्यांनीं लक्षांत आलें कीं त्यांच्या परांवर असावी ती काळी किनार नाहीं, आणि रंग पिवळाहि नाहीं व नारिंगीहि नाहीं. तीं संकरज होतीं. सरोवरांत या दोघांचा असा विवाह होत नाहीं. माझ्या चार फुटी पेटींत झाला, कारण तेथें निवडीला जागाच नव्हती.

ताम्रपट वाचणाऱ्या माणसाला या गोष्टीची लाज अधिक वाटावी. एखादा बनावट ताम्रपट दप्तरांत शिरला म्हणजे काय होतें हें आम्ही जाणतों. त्यावरून वंशावळ लिहिली जाते, त्या वंशावळीवरून दुसरी, आणि तीन पिढ्यांनीं खरा राजा कोणता हें सांगणें अशक्य होतें. मीं तसेंच केलें होतें. ज्यांना ज्यांना पिलें दिलीं त्यांच्याकडे मी पुनः गेलों, खरी हकीगत सांगितली, आणि यांची वीण पुढें वाढवूं नका अशी विनंति केली. सर्वांनीं हंसून ऐकलें. किती जणांनीं पाळलें हें देव जाणे. तेव्हांपासून आमच्या पेटींत एका गटाची एकच जात असते, आणि एका लहान वहींत प्रत्येक विणीची नोंद असते. कन्या तिला "माशांचें दप्तर" म्हणते.

ही चूक क्षुल्लक वाटेल. परंतु तिच्यासारखीच एक मोठी चूक व्हिक्टोरिया सरोवरांत झाली, आणि ती केवळ अज्ञानानें झाली असें म्हणतां येत नाहीं. १९२७-२८ सालीं मायकेल ग्रॅहॅम यांनीं तेथील मत्स्यव्यवसायाची पाहणी केली व १९२९ च्या अहवालांत स्पष्ट इशारा दिला कीं पुरेशा अभ्यासावांचून बाहेरचा मोठा हिंस्र मासा या सरोवरांत सोडणें अत्यंत धोक्याचें होईल. अहवाल दप्तरांत राहिला. १९५० नंतरच्या दशकांत नाइल पर्च नांवाचा मासा सरोवरांत शिरला, आणि १९६२-६३ च्या सुमारास तो उघडपणें सोडण्यांत आला. हा मासा पुरुषभर लांब व दोनशें किलोपर्यंत वजनाचा होतो. सोडणाऱ्यांचा हिशेब सरळ होता: सरोवरांतील असंख्य लहान, कांटेरी, कवडीमोलाचे सिक्लिड याच्या पोटांत गेले कीं त्यांचें किंमतवान् मांस होईल. वीस वर्षें विशेष कांहीं दिसलें नाहीं. नेदर्लंड्समधील लायडन विद्यापीठाचे संशोधक १९७७ पासून सरोवराच्या दक्षिण भागांत या लहान माशांची मोजदाद करीत होते. १९८० च्या सुमारास पर्चची संख्या एकाएकी भडकली, आणि ज्यांची मोजदाद चालली होती ते मासे त्यांच्या डोळ्यांदेखत जाळ्यांत येईनासे झाले. सुमारें दोनशें जाती नाहींशा झाल्या असा अंदाज करण्यांत आला. कित्येकांना तर नांवेंहि मिळालीं नव्हतीं. ज्याला आपल्या शास्त्रकारांनीं मात्स्यन्याय म्हटलें, तो येथें उपमा म्हणून घडला नाहीं, अक्षरशः घडला.

तरी न्याय सांगावयाचा तर दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. पर्चमुळें तीरावर कारखाने निघाले, परदेशीं मांस जाऊं लागलें, सहस्रावधि लोकांना रोजगार मिळाला. ज्याच्या घरीं चूल पेटत नव्हती त्याला दोनशें लहान माशांचा शोक करावयास सांगणें हें पोट भरलेल्याचें तत्त्वज्ञान आहे. पण तेथेंहि लाभ सारखा वांटला गेला नाहीं. पूर्वीं बायका लहान मासे उन्हांत वाळवून गांवांत विकीत. पर्चचें मांस तेलकट, तें धुरावर भाजावें लागे, त्याला लांकूड लागे, आणि चांगला माल कारखान्याकडे जाई. शिवाय सारा दोष एका माशावर ढकलतां येत नाहीं. शेतांतील व वस्त्यांतील सांडपाण्यानें सरोवर गढूळ झालें होतें. १९९७ सालीं सेहाउझेन व त्यांचे सहकारी यांनीं दाखवून दिलें कीं गढूळ पाण्यांत मादीला नराचा रंग नीट दिसत नाहीं, तिची निवड चुकते, आणि निरनिराळ्या जाती एकमेकींत विरून जातात. हें वाचलें तेव्हां मला माझी चार फुटी पेटी आठवली. जें मीं जागेच्या अभावीं केलें तें तेथें प्रकाशाच्या अभावीं होत होतें.

या विनाशांतून कांहीं जाती वांचल्या. कांहीं सरोवरांतच खडकांच्या आडोशानें राहिल्या; पुढें पर्चची अतोनात पकड झाल्यावर कांहींची संख्या पुनः वाढली. पण कांहीं थोड्या अशा आहेत कीं सरोवरांत त्यांचा वर्षानुवर्षें मागमूस नाहीं, आणि त्यांचा वंश चालू आहे तो केवळ यूरोप-अमेरिकेंतील मत्स्यालयांत व कांहीं हौशी माणसांच्या घरांत. १९९० नंतर अमेरिकेंतील प्राणिसंग्रहालयांनीं यासाठीं एक नियमबद्ध योजनाच आंखली. ज्या छंदानें इंग्लंडचे डोह ओस पाडले, त्याच छंदाच्या हातीं आज कांहीं जातींचा शेवटचा दिवा आहे. एका खोलींतील वीज गेली, एका म्हाताऱ्याच्या वारसांनीं पेटी विकली, किंवा कोणीं माझ्यासारखी मिसळ केली, कीं तो दिवा विझला.

आपल्या घरच्या पाण्याकडेहि पाहिलें पाहिजे. कोंकण-गोमंतकाच्या खाड्यांत मिळणारा काळुंदर हा सिक्लिडच आहे. ब्लॉक या जर्मन पंडितानें १७९० सालीं त्याला सुरतेवरून नांव दिलें. हिंदुस्थानांत या कुलाच्या तीनच जाती मूळच्या आहेत, आणि त्यांचे जवळचे नातलग मादागास्करांत. ज्यांना काळुंदराची चव माहीत आहे अशा कितीजणांना तो नवरा-बायको मिळून पिलें राखणारा मासा आहे हें माहीत असेल? दुसरीकडे १९५२ सालीं आफ्रिकेचा तिलापिया आपल्याकडे अन्नासाठीं आणला गेला. तो आपल्या तळ्यांत व नद्यांत असा पसरला कीं उजनीच्या बाजारांत 'चिलापी' म्हणून तो घरचाच झाला आहे. गरिबाच्या ताटांत तो आहे हें खरें. पण देशी माशांची जागा त्यानें बळकावली ही तक्रारहि खरी. म्हणून पेटी पाळणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला माझी एकच हात जोडून विनंति आहे. मासे नकोसे झाले म्हणजे पुण्य समजून ते नदींत किंवा गांवच्या तळ्यांत सोडूं नयेत. तें दान होत नाहीं. ज्याला घेतां येत असेल अशा दुसऱ्या पाळणाऱ्याला ते द्यावे.

आतां मनूच्या कथेंतील तिसऱ्या गोष्टीकडे येतों. माशाला घटांत ठेवलें, खड्ड्यांत वाढविलें. समुद्रांत परत सोडलें काय? व्हिक्टोरियाच्या त्या थोड्या जातींच्या बाबतींत अजून तरी नाहीं. सरोवरांत पर्च आहे, पाणी गढूळ आहे, आणि पिढ्यान्पिढ्या कांचेंत वाढलेला मासा मोकळ्या पाण्यांत तगेल कीं नाहीं याची शंका आहे. मनूच्या माशाला मोठें होऊन भीति उरली नाहीं. हा मासा कधींच मोठा होणार नाहीं. त्याला परत न्यावयाचें तर माशाला बदलून भागणार नाहीं, सरोवर बदलावें लागेल, आणि तें काम पेटी पाळणाऱ्याच्या हातचें नाहीं. तें तीरावरील लोकांचें व त्यांच्या राज्यकर्त्यांचें आहे. पाळणाऱ्याच्या हातीं एवढेंच आहे कीं परत नेण्याचा दिवस उगवलाच तर परत नेण्याजोगें कांहीं शिल्लक असावें; वंश शुद्ध असावा, नोंद खरी असावी.

त्या पिवळ्या मादीनें पुढें तेविसाव्या दिवशीं चौदा पिलें सोडलीं. कन्येनें वहींत तारीख लिहिली, आईबापांचा गट लिहिला. पुढच्या खेपेस स्नेही आले तेव्हां ते पेटीपुढें पुनः उभे राहिले. या वेळीं त्यांनीं पोरखेळाचा शब्द काढला नाहीं. त्यांनीं वही मागून घेतली, चष्मा लावला, आणि एखादा जुना कागद तपासावा तशी पहिल्या पानापासून वाचावयास सुरुवात केली. तिसऱ्या पानावर माझ्या चुकीची नोंद आहे. ती त्यांनीं दोनदां वाचली व म्हणाले, "ही खोडूं नका."